माहेर नसलेलं बाक

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे नंतर कमेंटमध्ये कुणी मला शहाणपण शिकवायला नको — माझा भुताखेतांवर, वास्तुदोषावर, नजर लागण्यावर काडीचाही विश्वास नाही. माझा धंदा जागा विकायचा. दिल्ली-गुरुग्राममध्ये दुकानं, ऑफिसं, गोडाउनं विकते, वीस वर्षं झाली. आणि आमच्या धंद्यात भूत म्हणजे भाव पाडायची युक्ती. "मॅडम, सुना है यहाँ कोई मर गया था" असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला भीतीबिती काही वाटत नसते, त्याला सूट हवी असते. अशी दहा तरी भुतं मी आजवर तोंडावर हाकलली आहेत.

त्यात माझे बाबा. वर्ध्याहून सरकारी नोकरीसाठी दिल्लीत आले, इथेच निवृत्त झाले, आता आईबरोबर गाझियाबादला राहतात. आमच्या घरी सकाळी बुद्धवंदना होते, पण अंगारे-धुपारे, नवस, मुहूर्त हे सगळं दारातूनच परत जातं. लहानपणी मी अंधाराला घाबरले की बाबा माझ्या हातात टॉर्च द्यायचे. म्हणायचे, जा, बघून ये, आणि काय दिसलं ते मला येऊन सांग. काही दिसायचं नाही, आणि तेच त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं असायचं.

म्हणून खाली जे लिहितेय ते माझं मलाच पटत नाही. पण घडलं ते घडलं... नावं तेवढी बदलली आहेत.

पहाडगंजच्या मेन बाजारातून स्टेशनकडे पाठ करून चालत राहिलं की हॉटेलांच्या पाट्या हळूहळू कमी होतात आणि डावीकडे एक गल्ली लागते. त्या गल्लीत चौथी इमारत. दोन मजली, लाल विटांची, नव्वदेक वर्षांची. खाली कमानीची तीन दारं, वर एक लांबलचक हॉल, त्यावर गच्ची. पूर्वी तिथे पत्र्याच्या ट्रंकांचं घाऊक दुकान होतं. ट्रंका गेल्या, दुकान बंद पडलं, आणि छत कोसळायच्या बेतात असताना ती इमारत साठे काकांनी घेतली.

साठे काका मूळचे वाईचे. इंजिनियर, वय शहात्तर, त्यातली पंचेचाळीस वर्षं दिल्लीत गेलेली. त्यांनी आणि शालिनीकाकूंनी मिळून सात वर्षं ती इमारत दुरुस्त केली, आणि आत एकही नवी वस्तू येऊ दिली नाही. जुनं ते सोनं म्हणणारे पुष्कळ बघितलेत, पण हे दोघं ते सोनं कबाडी बाजारातून टेम्पोत घालून आणायचे. दारं शेखावाटीतल्या पडक्या हवेलीची, फरशा कानपूरच्या एका बंगल्याच्या, तुळया बंद पडलेल्या गिरणीच्या, वरच्या हॉलमधली कपाटं कुठल्याशा औषधाच्या दुकानातली. आणि हे सगळं असं बसवलेलं, की वाटावं इथेच जन्मलं.

यात काकूंची एक पद्धत होती, ती नीट सांगायला हवी. कुठलीही जुनी वस्तू आली की काकू ती सरळ आत घेऊ द्यायच्या नाहीत. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवायच्या. दार असो की कपाट, ते उचलणाऱ्या मजुराला उजव्या पायानं माप लवंडायला लावायच्या आणि मगच आत. नवी सून घरात येते तसं. बिहारचे मजूर बिचारे हसायचे, पण करायचे. मग त्या वस्तूला सुतळीनं पुठ्ठ्याची एक चिठ्ठी बांधायच्या, स्वतःच्या अक्षरात. मधल्या दारावरची चिठ्ठी मला पाठ आहे — "दार. माहेर: शेखावाटी, सावकाराची हवेली. स्वभाव: पावसाळ्यात फुगतं. रागावू नये."

प्रत्येक वस्तूला अशी चिठ्ठी. पहिल्यांदा वाचल्या तेव्हा मी मनात म्हटलं, चला, म्हातारी भलतीच हौशी होती.

"होती" अशासाठी, की मी तिथे गेले तेव्हा काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती. काकांचे गुडघे गेलेले. वाईला त्यांचे थोरले भाऊ, वय चौऱ्याऐंशी, पडले आणि अंथरुणाला खिळले. त्यांचा रोज फोन यायचा — ये. आणि काका रोज सांगायचे, इमारत मार्गी लावतो आणि येतो. दीड वर्ष हेच चाललेलं! इमारत काही मार्गी लागत नव्हती, कारण काकांची अट होती, घेणाऱ्यानं आतलं काही तोडायचं नाही. दिल्लीत अशी अट घालायची म्हणजे म्हशीपुढे वीणा वाजवायची. दोन दलालांनी हात टेकल्यावर काका माझ्याकडे आले. मराठी बोलणारी आहे म्हणून, बाकी काही नाही.

मी सांगितलं, काका, दोन महिन्यांत विकून देते, तुम्ही बॅग भरा. माझं तोंड असंच आहे.

आता माझ्याबद्दलही एक गोष्ट, कारण ती पुढे लागणार आहे. मी गुरुग्रामला एकविसाव्या मजल्यावर राहते. आई-बाबा गाझियाबादला. ट्रॅफिक धरून दीड तास. आणि तेव्हा मी पाच महिने तिकडे फिरकले नव्हते. "पुढच्या रविवारी नक्की" हे माझं ठरलेलं वाक्य. आई फोनवर फाडफाड बोलायची. बाबा काहीच बोलायचे नाहीत, आणि मला तेच जास्त लागायचं.

तर ते बाक. खालच्या मजल्यावर मधल्या कमानीला लागून एक सागवानी बाक होतं. लांब, पाठीला पट्ट्या, हातांना छान गोलाई आलेली. कुठल्याशा रेल्वे स्टेशनच्या वेटिंग रूममधलं. कुठलं स्टेशन ते विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं, "किसी स्टेशन का है, बाबूजी" एवढंच. काकूंनी ते पसंत करून ठेवलं होतं. ते प्रत्यक्ष आलं तेव्हा काकूंना जाऊन पंधरा दिवस झाले होते. काकांनी मजुरांना सांगितलं, ठेवा तिकडे, आणि दार लावून घेतलं. माप नाही, चिठ्ठी नाही. अख्ख्या इमारतीत चिठ्ठी नसलेली ती एकच वस्तू.

मला हे सगळं नंतर कळलं. तेव्हा मला ते बाक म्हणजे गिऱ्हाइकाला टेकायला बरी जागा, एवढंच वाटलं. मी स्वतः त्यावर बसले नाही, कारण मी जागा दाखवताना कधीच बसत नाही. माझ्या पहिल्या बॉसची शिकवण — दलाल बसला की पाहुणा होतो, आणि पाहुण्याला कुणी धंदा देत नाही.

पहिलं गिऱ्हाईक खन्ना. गुरुग्राममध्ये त्यांची तीन रेस्टॉरंटं. फेब्रुवारीतली सकाळ, अकरा वाजलेले, उन्हाचे पट्टे फरशीवर. माणूस खूश होता, चिठ्ठ्यांचे फोटो काढत होता. म्हणाला, पार्टनरला एक फोन करतो, आणि बाकावर बसला. मी जरा लांब जाऊन उभी राहिले. तीन-चार मिनिटं झाली तरी बोलणं ऐकू येईना. वळून बघते तर फोन हातात तसाच, आणि हा समोरच्या भिंतीकडे बघतोय. मग उठला आणि मला विचारलं, इथून देहरादूनची बस कुठून मिळते?

अहो, बाहेर ड्रायव्हरसकट लांबलचक गाडी उभी होती त्याची!

दोन दिवस फोन बंद. तिसऱ्या दिवशी मला एक फोटो आला. गच्चीत उन्हात बसलेली एक म्हातारी मटार सोलतेय आणि खन्ना शेजारी मांडी घालून बसलेत. खाली लिहिलेलं, आईला दोन वर्षं भेटलो नव्हतो, थँक यू मॅडम. आणि जागेचं? "अभी नहीं." मी त्या आईसाठी खूश झाले, खोटं नाही सांगत. पण माझी डील गेली ना.

दुसरं एक जोडपं, पुण्याचं. दोघं आयटीतली, को-वर्किंग काढायचं होतं. मराठी बोलणारी, म्हणून मी निर्धास्त. ती दमली म्हणून बाकावर टेकली, तोही टेकला. पाच मिनिटांनी ती त्याला हळूच म्हणाली, "आपण इथे काय करतोय रे?" भांडण नाही, रडणं नाही. दोघं हात धरून निघून गेली. महिन्याभरात दिल्ली सोडून पुण्याला, तिच्या आईच्या वरच्या फ्लॅटमध्ये. मला ईमेल आला, त्यात सॉरी तीन वेळा लिहिलेलं.

हे मी फोनवर बाबांना हसत हसत सांगितलं. बाबा हसले नाहीत. म्हणाले, नमुना फक्त दोनचा आहे, यावरून काही ठरवू नको. प्रयोग कर. काहींना बसव, काहींना बसवू नको.

मी केला. पुढच्या तीन गिऱ्हाइकांना बाकाजवळ जाऊच दिलं नाही. तिघंही अगदी नॉर्मल वागले. एकानं पार्किंग नाही म्हणून नाक मुरडलं, एकानं भाव निम्म्यावर आणायचा प्रयत्न केला, आणि तिसरा म्हणाला, सुना है यहाँ कोई मर गया था. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मग आले चौधरी. हॉटेलवाले. पूर्ण भाव देणार, लगेच देणार. फक्त आतलं सगळं काढून चोवीस खोल्या पाडणार. काकांच्या समोरच शेखावाटीच्या दारावर थाप मारून म्हणाले, ये कबाड़ तो पहले निकलवा देंगे. मी काकांना बाजूला घेतलं आणि बरंच बोलले. तिकडे भाऊ रोज वाट बघतोय आणि तुम्ही इथे दारं राखत बसलाय, असंसुद्धा बोलले. काकांनी खाली मान घालून "बरं" म्हटलं. ते "बरं" ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कागदावर सह्या होत्या. मी खबरदारी म्हणून बाकावर माझी पर्स, फाइली, पाण्याची बाटली, सगळं पसरून ठेवलं. चौधरींनी दोन खुर्च्यांकडे बघितलं, माझी पर्स उचलून जमिनीवर ठेवली आणि ऐसपैस बाकावर बसले. खिशातून पेन काढलं. मी मनात म्हटलं, कर बाबा, पटकन सही कर.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग पुन्हा लावलं. आणि त्या एवढ्या मोठ्या, मिशाळ माणसानं अगदी लहान आवाजात सांगितलं, "ग्यारह साल से भाई से बात नहीं की मैंने." कुणी विचारलं नव्हतं. उठले, निघाले. मी गल्लीच्या तोंडापर्यंत त्यांच्या मागे धावले, एका पायातली चप्पल तुटली. त्यांनी गाडीत बसताना मला हात जोडले आणि ड्रायव्हरला रोहतकच्या बाजूच्या कुठल्या तरी गावाचं नाव सांगितलं.

मी तुटकी चप्पल हातात घेऊन परत आले ती फणफणतच. काका तुळयांकडे बघत उभे होते, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर हसू दिसलं. मग माझं डोकंच फिरलं. मी बाक ओढून उलटं केलं, खालून बघितलं, फटींत बोटं घातली, वास घेतला. सागवान, जुनं पॉलिश, दोन गंजके खिळे. काही नाही. म्हटलं, काका, हे बाक उद्याच्या उद्या बाहेर काढा नाहीतर दुसरा दलाल बघा. हे लोकांना उठवतं!

काका इंजिनियर माणूस. त्यांना राग आला. बाकानं कधी कुणी उठतं का, तू शिकलेली मुलगी, तुझे वडील एवढे विचारांचे... आणि मला खोटं पाडायला त्यांनी ते बाक सरळ केलं आणि त्यावर बसले. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

मी समोर हाताची घडी घालून उभी. एक मिनिट झालं. बघ, काही नाही, असं म्हणाले. मग हात बाकाच्या गोल कडेवर ठेवला आणि तिथेच फिरवत राहिले. बाहेर गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती काही केल्या चालू होत नव्हती. मला वाटतं दहा मिनिटं तरी गेली.

"वर्षा," काका म्हणाले, "मी कशाची वाट बघतोय, तेच आठवेना गं."

आणि उठले. किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. म्हणाले, विकली तर विकली, नाही तर राहिली. घरी जाऊन एक झोळी घेतली, औषधांचा डबा घेतला, तोवर मी फोनवर पुण्याचं तिकीट काढलं. नवी दिल्ली स्टेशनवरून एअरपोर्टची मेट्रो पकडून दिली. शहात्तर वर्षांचा माणूस, गुडघे दुखतायत, आणि जिन्यावरून असा उतरत होता की मला मागून पळावं लागलं. तेही तुटक्या चपलेनं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. भावानं यांना दारात बघून म्हटलं, "आलास? चहा टाक." बस, एवढंच. पाच-सहा दिवसांत भाऊ वॉकर धरून अंगणापर्यंत यायला लागले, कारण आधी पेपर कुणी वाचायचा यावरून दोघांचं रोज भांडण व्हायचं आणि भांडायला उठून बसावं लागतं. फोनमध्ये मागून त्यांचा आवाज यायचा. काकांना मी इतकं हसताना कधी ऐकलं नव्हतं.

असाच एकदा फोन चालू असताना काका एकदम म्हणाले, बाकाचं राहिलंच. शालिनीनं पहिल्या दिवशी केलं असतं. मी नुसतं आणून टाकलं तिथे, "ये" सुद्धा म्हटलं नाही. त्याला माहेर माहीत नाही आणि सासरच्यांनी विचारलं नाही... तू कर ना.

मी साफ नाही म्हटलं. माप-बिप मी करत नाही, बाबांना कळलं तर घराबाहेर काढतील.

काका म्हणाले, "मग तुमच्याकडे लांबून कुणी आलं की काय करता, ते कर."

आमच्या घरी उन्हातून कुणीही आलं, ओळखीचं असो नसो, की आई आधी गूळ आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवते. नाव-गाव नंतर विचारते. हे काही देवाधर्माचं नाही. ही माणुसकी.

मग मी केलं. दुपारी साडेतीनला, कुणी बघत नाही याची खात्री करून. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून गुळाचा खडा आणला, वरच्या पँट्रीतून स्टीलचा पेला घेतला, आणि दोन्ही बाकावर ठेवलं. स्वतःचीच लाज वाटत होती. पुठ्ठ्याचा एक तुकडा कापला आणि माझ्या कोंबडीच्या पायासारख्या अक्षरात लिहिलं — "बाक. माहेर: माहीत नाही. सासर: हेच. स्वभाव: मायाळू." शेवटचा शब्द लिहिताना मी दोनदा थांबले, पण दुसरा सुचेना. सुतळीनं चिठ्ठी बांधली, आणि हळू आवाजात, आता हसा हवं तर, "ये बाई, बस" असं म्हटलं. बाकालाच. बस म्हणून!

चार दिवसांनी मेमचा आली. मणिपूरची, पन्नाशीची, हातमागाचं कापड विकणारी. वीस वर्षं दिल्लीत, आणि वीस वर्षांत अकरा जागा बदलल्या. कधी मालकाला हिच्या स्वयंपाकाचा वास आवडत नाही, कधी शेजाऱ्यांना चेहरा आवडत नाही. शेवटी बँकेनं कर्ज दिलं, भावानं थोडं दिलं, आणि ती स्वतःचं दुकान शोधत होती. इमारत तिला परवडण्याच्या काठावर होती. मी तिला बाकापासून लांब ठेवायचं ठरवलं होतं. पण ती भर उन्हातून चालत आलेली, घामाघूम. मी काही विचार न करता म्हणून गेले, आप बैठिए, पहले पानी लीजिए. आणि गुळाचा खडा पुढे केला, कारण तो तिथेच होता.

ती बाकावर बसली.

पाणी प्यायली. गूळ खाल्ला. मी घड्याळाकडे बघतेय... पाच मिनिटं, दहा मिनिटं. तिनं चपला काढल्या. पाय वर घेतले. मागे डोकं टेकलं. आणि झोपली! अर्धा तास ती बाई गाढ झोपली होती आणि मी कमानीत खांबासारखी उभी होते. जागी झाली तेव्हा ओशाळली नाही. म्हणाली, "मैडम, मैं यहीं बैठूँगी."

मग तिनं सगळ्या चिठ्ठ्या मला वाचायला लावल्या. माहेर म्हणजे काय विचारलं, मी सांगितलं, मायका. तिनं शेखावाटीच्या दाराला हात लावला, फरशांवरून अनवाणी चालली. तुळयांची चिठ्ठी मी दोनदा वाचून दाखवली. काही काढणार नाही म्हणाली, फक्त एक चिठ्ठी वाढवा, माझ्या नावाची. मायका इम्फाल, ससुराल पहाडगंज. मी लिहिली. स्वभावाची ओळ तिनं रिकामी ठेवायला सांगितली, राहून बघा आणि मग भरा म्हणाली.

काका रजिस्ट्रीला दोन दिवसांसाठी आले. मेमचाला त्यांनी प्रत्येक खिडकीची कडी कशी लावायची ते दाखवलं. बाकावरची माझी चिठ्ठी चष्मा लावून वाचली. मग म्हणाले, शालिनीनं हेच लिहिलं असतं, फक्त अक्षर बरं असतं. दुसऱ्या दिवशी वाईला परत, भावानं पेपर आधी वाचलेला असणार या काळजीत.

आणि आता माझं.

किल्ल्या देऊन झाल्यावर मेमचा वर कापडाचे गठ्ठे लावत होती. खाली मी एकटीच. काम संपलेलं, म्हणजे मी आता दलाल नव्हते. पहिल्यांदाच त्या बाकावर बसले. खरं सांगते, मी वाट बघत होते. एवढ्या लोकांना यानं घरी पाठवलं, आता माझा नंबर. डोळे मिटून घेतले. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं.

काही झालं नाही. शांत वाटलं, बाकी काही नाही. लाकूड गार होतं, वरून मेमचाच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. बाक आपलं घरी पोचलेलं होतं, त्याला आता कुणाला कुठे पाठवायचं नव्हतं. आणि मला, माझ्यासारख्या बाईला, चक्क वाईट वाटलं. सगळ्यांना उठवलंस, मलाच नाही?

मला कुणी उठवलं नाही. मीच उठले.

चार वाजताची गुरुग्रामची मीटिंग रद्द केली. आर. के. आश्रम स्टेशनवर गेले. गुरुग्रामला जाताना मी पुढच्याच स्टेशनवर गाडी बदलते, आज बदलायची नाही असं ठरवलं. नोएडाची गाडी सोडून दिली, गाझियाबादकडे जाणारी वैशालीची पकडली. मंगळवारची दुपार होती. दार बाबांनी उघडलं आणि माझ्याकडे बघून पहिला प्रश्न केला, आज सुट्टी आहे का? मी म्हटलं, नाही. आई आतून काही न विचारता गूळ आणि पाणी घेऊन आली, आणि ते बघून मी तिथेच चपलांच्या रॅकजवळ बसून रडले.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं, पहिल्या खन्नांपासून. त्यांनी मधे मधे प्रश्न विचारले. कोण किती वेळ बसलं, हवा कशी होती, लाकडाला पॉलिश कसलं होतं. मी म्हटलं, बाबा, तुम्हीच सांगा आता, हे काय होतं? योगायोग म्हणावं तर बसलेले पाचही जण उठून गेले. बाक म्हणावं तर लाकूड आहे ते. चिठ्ठी आणि गुळानं काय फरक पडणार? मला आजही कळलेलं नाही. इथे कुणाला कळलं तर सांगा, पण वास्तुशास्त्र सांगू नका, माझं डोकं फिरतं.

बाबांनी चष्मा काढून पुसला. एवढ्या पुराव्यावरून काही म्हणता येत नाही, असं म्हणाले.

"पण प्रयोग मधेच सोडू नये," ते म्हणाले. "रविवारी पुन्हा ये."

आजचा धरून अकरा रविवार झाले. स्पष्टीकरण अजून सापडलेलं नाही. प्रयोग चालू आहे.